दातापासून डावीकडे

लग्नाच्या बैठकीत माझ्या मामाने एक खोटं बोलून ठेवलं आणि ते पुढची सहा वर्षं मला आणि आबांना निस्तरावं लागलं.

आबा म्हणजे माझे वडील. नामपूरच्या बाजारात ते धान्य मोजणारे मापाडी होते. बैठकीला नाशिकहून मुलाचे वडील आले होते. प्राथमिक शाळेत गुरुजी, निवृत्तीला आलेले, पांढरंशुभ्र धोतर, खिशाला लाल-निळी पेन्सिल. चहा पिता पिता त्यांनी सहज विचारलं, "मुलीच्या वडिलांचं शिक्षण किती?" दुसरा कोणी पाऊसपाणी विचारेल, तसं. आबांनी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाला, "जुनी चौथी पास!"

"वा! जुनी चौथी म्हणजे आजची मॅट्रिक," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी बशी खाली ठेवली. आबा सतरंजीवरची नक्षी बघत बसले. शाळेत त्यांनी आयुष्यात एकदाच पाऊल टाकलं होतं, दुष्काळात सुकडीची पोती आली तेव्हा ती मोजायला. बोट दाखवलं तर 'क' कोणता आणि कावळा कोणता हे त्यांना सांगता आलं नसतं. मी दाराआड उभी होते, सातवी पास. मला तिथल्या तिथे बाहेर येऊन मामाचा कान धरावासा वाटला होता, पण नवरी मुलीला कान धरायची सोय नसते.

आज वाटतं, खरं सांगितलं असतं तरी लग्न मोडलं नसतं. गुरुजींनी फार तर "असू द्या" म्हटलं असतं. पण एकदा बोललेलं खोटं मागे कोण घेणार? खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. बोलला मामा आणि गोटा बसला आबांच्या कपाळी, हा आमच्याकडचा न्याय.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी मी लग्न होऊन नाशिकला आले. द्वारकेला, म्हणजे द्वारका चौकात, एस.टी.तून उतरलो, टांगा केला आणि मी पाट्या वाचायला लागले. आमच्या गावात पाट्या दोन. एक शाळेची आणि एक ग्रामपंचायतीची, तिचाही रंग पोपडे धरून उडालेला. नाशिकला मात्र भिंत दिसली की तिच्यावर काहीतरी लिहिलेलंच. बिड्या, छत्र्या, बॅटरीचे सेल, खतं, केसांची तेलं, मूळव्याधीवर खात्रीचा इलाज. दुकानाच्या कपाळावर पत्र्याची पाटी, पाटीखाली दुसरी लहान पाटी, आणि दाराच्या दोन्ही बाजूंना उभ्या ओळीत आणखी काय काय मिळतं त्याची यादी. एक भिंत तर पूर्ण अडवून लिहिलं होतं, 'या भिंतीवर जाहिरात लावू नये'. अक्षरं एवढी मोठी की कोणाला लावायची म्हटली तरी जागा नव्हती.

मी सगळं मोठ्याने वाचत होते. नवरा म्हणाला, "अगं, हळू. लोक बघतात." मी कुठली ऐकते! एका मिठाईच्या दुकानावर लिहिलं होतं, 'आमची कोठेही शाखा नाही'. मला वाईट वाटलं. बिचाऱ्याला कुठेच शाखा काढता आली नाही, आणि ते असं चारचौघांत रंगवून सांगावं लागतंय. मी तसं बोलून दाखवलं, तर नवरा टांग्यात इतका हसला की टांगेवाल्याने मागे वळून पाहिलं. लग्नाच्या चार दिवसांत तो पहिल्यांदा हसला होता, म्हणून ती पाटी माझ्या अजून लक्षात आहे.

त्या पाट्या हाताने रंगवलेल्या असत. आमच्या भागातला पेंटर काटकुळा होता, कानावर ब्रश खोचून फिरायचा. खडूच्या भुकटीत सुतळी घोळायची, दोघांनी दोन टोकं धरून भिंतीशी ताणायची आणि मधे धरून टणकन सोडायची, की सरळ पांढरी रेघ उमटायची. त्या रेघेवर तो अक्षरं बसवी. आधी पिवळं अक्षर, मग त्याला लाल सावली, मग सावलीला काळी कड. भाजी आणायला निघालेली मी अर्धा अर्धा तास ते बघत उभी राही आणि घरी सासूबाईंना सांगे की भाजीला गर्दी होती. आता द्वारकेला उड्डाणपूल आहे आणि खाली फ्लेक्सवर वाढदिवसाचे चेहरे. ते रात्रीत लागतात आणि चार दिवसांत फाटतात. कोणी रंगवताना दिसत नाही, त्यामुळे मी उभी राहत नाही. गुडघेही आता उभं राहू देत नाहीत, तेही खरंच.

आबा पहिल्यांदा आले ते दिवाळीनंतर. मुंबईकडे जाणाऱ्या कांद्याच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून यायचे. ड्रायव्हर ओळखीचे, भाडं नाही, फक्त कधी निघायचं ते ट्रक ठरवणार. त्यामुळे आबा येणार हे आधी कधी कळायचं नाही. पहिल्या खेपेला ड्रायव्हरनेच त्यांना घरापर्यंत आणून सोडलं. खांद्यावर अर्धी गोणी कांदे. मामंजींना, म्हणजे गुरुजींना, भाकरीबरोबर फोडलेला कांदा जिवापेक्षा प्यारा होता. त्यांनी गोणीत हात घालून एक कांदा वर काढला, वास घेतला आणि म्हणाले, "पाहुणे, याला म्हणतात कांदा."

इथपर्यंत सगळं छान होतं. मग मामंजींनी व्याह्यांचा मान म्हणून त्यांच्या हातात वर्तमानपत्र दिलं.

आबांनी ते घेतलं. थोडा वेळ मांडीवर ठेवलं. मग सदऱ्याचा खिसा चाचपला, दुसरा खिसा चाचपला आणि म्हणाले, "चष्मा घर राही गया." आबांना चष्मा नव्हताच. त्यांना मैलावरची बैलगाडी कोणाची ते दिसायचं. मामंजींनी लगेच आपला चष्मा काढून पुढे केला. आबांनी तो घातला आणि पुढची दहा मिनिटं पेपरातल्या साबणाच्या जाहिरातीतल्या बाईकडे डोळे बारीक करून बघत बसले. मी चुलीपाशी, म्हणजे स्टोव्हपाशी, हसू की रडू करत होते. पुढे प्रत्येक खेपेला हेच चाललं. पेपर आला की चष्मा घरी राहिलेला असायचा.

निघताना मी त्यांना द्वारकेपर्यंत सोडायला गेले. वाटेत ते माझ्यापेक्षा जास्त पाट्या बघत होते. मला नुसती अक्षरं दिसायची, त्यांना चित्रं, रंग, आकार. द्वारकेच्या कोपऱ्यावर दातांच्या डॉक्टरची पाटी होती. तिच्यावर अक्षर जवळजवळ नव्हतंच. लालभडक हिरड्यांत बसवलेली बत्तिशी, बैलाच्या जबड्याएवढी. आबा तिच्यासमोर थांबले. "इतला मोठा दात कोना शेतस?" मी म्हटलं, कोणाचे नाहीत, इथे दात बसवून मिळतात. त्याच्या अलीकडे चष्मेवाल्याचा भला मोठा चष्मा, काचांच्या जागी दोन डोळे काढलेले. शिंप्याची कात्री. घड्याळजीच्या पाटीवरचं घड्याळ कायम दहा वाजून दहा मिनिटं दाखवायचं. आबांनी उन्हाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि ते बंद असल्याचा निकाल दिला.

एका भिंतीवर लाल त्रिकोण आणि त्याच्या शेजारी आई, बाप, दोन पोरं, चौघांचे हसरे चेहरे होते. "हाऊ फोटोवाला शे," आबा म्हणाले. लाल त्रिकोण म्हणजे कुटुंबनियोजन, हे नव्या नवरीने बापाला कसं सांगावं? मी म्हटलं, "हो आबा, फोटोवाला." झालं. पुढच्याच खेपेला त्यांनी मामंजींना जेवताना सांगितलं की त्या त्रिकोणवाल्या फोटोग्राफरचा धंदा जोरात दिसतो, सटाण्यापासून नाशकापर्यंत गावोगाव त्याचं दुकान आहे. मामंजींना ठसका लागला. सासूबाईंनी त्यांच्या पाठीवर थोपटलं. मामंजी पाणी प्याले आणि म्हणाले, "हो, सरकारी पाठिंबा आहे त्याला." मामंजी पाहुण्याला उघडं पाडणारे नव्हेत हे तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण मी ठसक्याचाच विचार करत राहिले.

त्या पहिल्या दिवशी मी आबांना द्वारकेपासून घरापर्यंत दोनदा नेलं आणि आणलं. पत्ता लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या खिशात होती, पण ती काढली की कोणाला तरी वाचायला द्यावी लागणार. म्हणून आम्ही चित्रांचा रस्ता केला. दातापासून डावीकडे. चष्म्यापाशी उजवीकडे. कात्रीच्या बोळात शिरायचं. घड्याळ आलं की समोर हिरवं दार, ते आमचं.

आबांनी तो रस्ता मापं मोजतात तसा पाठ केला. आमच्याकडे मापाडी धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. लाभ, दोन, तीन. मध्येच मोजणी चुकली तर अंदाजाने पुढे जायचं नाही. ओतलेलं पुन्हा भरायचं आणि लाभपासून सुरू करायचं, मग समोर शेठ असो की शेतकरी. बाजारात आबांच्या मापावर कोणी शंका घ्यायचं नाही, ते त्यामुळे. आबांसाठी दात म्हणजे लाभ होता. तिथून चष्मा दोन, कात्री तीन, घड्याळ चार. वर्षातून दोनदा ते यायचे, अगदी बिनचूक, खांद्यावर अर्धी गोणी. मामंजी दारातच म्हणायचे, "सापडलं ना घर?" आबा ऐटीत म्हणायचे, "न सापडाले काय झायं?"

आता आमच्या घरातल्या पत्रांचा रिवाज सांगते. घरातून जाणारं प्रत्येक पत्र आधी कच्चं लिहायचं, मामंजींना दाखवायचं, त्यांनी लाल पेन्सिलीने शुद्धलेखन तपासायचं आणि मग निळ्या आंतरदेशीय पत्रावर ते पक्कं करायचं. शाळेतून निवृत्त झाले तरी पेन्सिल निवृत्त झाली नव्हती. ऱ्हस्व-दीर्घ तर सोडाच, वाक्य विषयाला धरून नसेल तर ते पूर्ण कापायचे. मी आईला लिहिलेल्या 'तुझी फार आठवण येते' या वाक्यावर त्यांनी एकदा 'द्विरुक्ती' असा शेरा मारला होता, कारण ते वर एकदा येऊन गेलं होतं. मला असा संताप आला होता! माझी आठवण, मला दोनदा येईल नाहीतर दहादा.

सहा वर्षं अशी गेली. मग सिंहस्थ तोंडावर आला आणि शहरभर रस्त्यांची, रंगाची कामं निघाली. द्वारकेचा कोपरा ओळखू येईना. टपऱ्या हलल्या, झाड गेलं, भिंती पांढऱ्या झाल्या. आणि दातांच्या डॉक्टरने गाळा सोडला. बत्तिशी उचलून तो भद्रकालीकडच्या रस्त्याला गेला. पाटी तीच, हिरड्या तेवढ्या नव्याने रंगवलेल्या. ती पाटी हातगाडीवरून जाताना मी स्वतः पाहिली. आकाशाकडे तोंड करून दात चालले होते आणि मागे पोरं ओरडत होती. मीही हसले. मग घरी येईपर्यंत ध्यानात आलं. आबांचा लाभ गेला होता.

त्याच आठवड्यात मी माहेरी पत्र लिहायला घेतलं. गावाकडे पत्र पोस्टमन वाचून दाखवायचा, तिथे लपवण्यासारखं काही नव्हतं. अडचण इथेच होती. मी खूप विचार करून, सहज लिहिल्यासारखं एक वाक्य घातलं, 'द्वारकेच्या कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर आता भद्रकालीकडे गेले आहेत.' बस. आबांना तेवढं पुरे होतं.

मामंजींनी कच्चं पत्र वाचलं. पेन्सिल त्या वाक्यावर थांबली.

"पाहुण्यांचे दात दुखतात का?"

"नाही."

"विहीणबाईंचे?"

"नाही मामंजी."

"मग हे वाक्य कशाला?"

त्यांनी वाक्यावर लाल रेघ ओढली, सरळ, पट्टीने ओढावी तशी. मी पक्कं पत्र लिहिताना ते गुपचूप घालू शकले असते. जागा होती. घरात कोणी पाळत ठेवून बसलं नव्हतं. पण मी घातलं नाही. पक्कं पत्रही एकदा त्यांच्या नजरेखालून गेलं तर काय, या भीतीने घातलं नाही. ही चूक माझी, ती मी मामावर किंवा मामंजींवर ढकलत नाही.

पुढे वीसएक दिवसांनी, दिवेलागणीला, आबा दारात उभे राहिले. सकाळी नवाला द्वारकेला उतरलेला माणूस. एका पायातली वहाण तुटलेली, ती हातात. टोपी घामाने भिजून वाळलेली. खांद्यावर मात्र अर्धी गोणी तशीच. मामंजींनी विचारलं, "अहो, एवढा उशीर?" आबा म्हणाले, "गाडी बिघडी गयी व्हती," आणि कांदे खाली ठेवून सरळ मोरीत गेले.

मी मागोमाग पाणी घेऊन गेले. मोरी आणि बाहेरची खोली यांच्यात नुसता पत्र्याचा आडोसा होता. त्याच्यापलीकडे मामंजी खुर्चीत बसलेले. पण मला भान नव्हतं. मी विचारलं, "आबा, चुकलात?"

"मी नही चुकनू," आबा हळू म्हणाले. "दात चुकना."

मग त्यांनी पाय धुता धुता सांगितलं. द्वारकेला उतरले तर दात नाही. दाताशिवाय सुरुवात कशी करायची? म्हणून ते एकेका रस्त्याने दात शोधत निघाले, आणि भद्रकालीकडे तो सापडला. तीच बत्तिशी. तिथून डावीकडे वळले. नाशकात चष्मेवाल्यांना काय तोटा, थोड्या वेळाने चष्मा आला. उजवीकडे वळले. शिंप्यांच्या बोळात कात्री आली. पुढे घड्याळही आलं, दहा वाजून दहा मिनिटं झालेलं. आणि घड्याळासमोर पिठाची गिरणी होती.

"समदं बरोबर उनं," आबा म्हणाले. "दात उना, चष्मा उना, कात्री उनी, घड्याळ उनं. फक्त शेवटले तू नही व्हती."

त्यांना वाटलं, आपलीच मोजणी कुठेतरी चुकली. म्हणून मापाड्याने करायचं तेच त्यांनी केलं. परत दातापाशी गेले आणि लाभपासून सुरू केलं. तीनदा. तिन्ही वेळा गिरणी आली. तिसऱ्यांदा गिरणीवाल्याने विचारलं, दळण कुठाय? संध्याकाळी पाय नेतील तिकडे चालताना त्यांना लांबून आमच्या बोळाच्या तोंडाशी वाळत घातलेलं माझं लुगडं दिसलं, लग्नातलं, त्यांनीच घेतलेलं, म्हणून ते पोचले.

"चिठ्ठी दाखवायची ना कोणाला तरी!" मी रडतच ओरडले.

"गुरुजीसना शाळाना पोरे गल्लीगल्लीमा शेतस. एखादानी येईसन सांगी दिधं म्हंजे?" ते म्हणाले. "तुले बोल लागी."

मला बोल लागू नये म्हणून माझा बाप दिवसभर कांद्याची गोणी खांद्यावर घेऊन नाशिक फिरला होता. त्या मोरीत मला माझी, मामाची आणि त्या जुन्या चौथीची इतकी लाज वाटली की मी तोंडात पदर कोंबला. बाहेरच्या खोलीत खुर्ची वाजली. मामंजी उठून अंगणात गेले होते.

त्या संध्याकाळी त्यांनी आबांना पेपर दिला नाही. पेपर घडी करून स्वतःच्या मांडीखाली ठेवला होता. जेवताना कांदा फोडताना फक्त एवढंच म्हणाले, "पाहुणे, ट्रकवाल्यांचा भरवसा नाही हो." आबाही "नाही नाही" म्हणाले. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने सातपूरला कामावर जाता जाता त्यांना द्वारकेला ट्रकमध्ये बसवून दिलं. जाताना आबा मला म्हणाले, आता तूच येत जा. मी म्हटलं, तसं चालणार नाही. पण ते परत येतील असं मला वाटत नव्हतं.

मग मामंजींचं काहीतरी बिनसलं. रोज संध्याकाळी छत्री आणि वही घेऊन बाहेर पडायला लागले. ऊन नाही, पाऊस नाही, छत्री कशाला? सासूबाई म्हणाल्या, "हे हल्ली दुकानांसमोर उभे राहतात. शेजारीण सांगत होती. काल चष्मेवाल्यासमोर पाव तास. आत गेले नाहीत, नुसते पाटी बघतायत." मला कळेना. मी म्हटलं, असतील शुद्धलेखनाच्या चुका काढत. ते त्यांच्याकडून होण्यासारखं होतं.

महिनाभराने मी माहेरी पत्र लिहायला घेतलं. कच्चं पत्र मामंजींपुढे ठेवलं. त्यांनी ते वाचलं आणि एकही खूण न करता परत दिलं. सहा वर्षांत हे पहिल्यांदा. मी पक्कं केलं तेव्हा म्हणाले, "जागा उरली का?" अर्धं पान कोरं होतं. "द्या इकडे, सूनबाई."

त्यांनी लाल-निळी पेन्सिल काढली, निळं टोक पुढे केलं आणि चित्रं काढायला लागले. आयुष्यभर सुवाच्य अक्षर काढलेल्या माणसाला चित्र अजिबात येत नव्हतं. जीभ दातांत धरून, पोराने पाटी गिरवावी तसे ते वाकून बसले होते. आधी एक चाक काढलं, आरे सगळे वाकडे. द्वारकेच्या कोपऱ्यावर सायकलवाल्याने नुकतंच लाल-पांढरं रंगवलेलं चाक टांगलं होतं, ते. पुढे बाण. मग चष्मा, बाण, कात्री, बाण, घड्याळ. शेवटी दार, आणि दारात टोपी घातलेला एक माणूस उभा, हात वर केलेला. तो ते स्वतः होते. आणि अगदी वर, चाकाच्याही आधी, त्यांनी एक दात काढला. खाली मुळं. मग पेन्सिल उलटी केली आणि लाल टोकाने त्या दातावर फुली मारली.

माझ्या वाक्यावर मारलेली ती लाल रेघ मला आठवली. त्यांनाही आठवत असणार, कारण फुली मारून झाल्यावर ते बराच वेळ पेन्सिलीचं टोक बघत बसले. पायाला हात लावावा असं वाटलं, पण त्यांना असले प्रकार आवडायचे नाहीत, म्हणून पत्र चिकटवलं आणि पेटीत टाकून आले.

होळीच्या आधी आबा आले. सकाळी साडेनवाला, बिनचूक. मामंजी खरंच दारात उभे होते, टोपी घालून. ते रोज सकाळी असे उभे राहतात हे तोवर घरातल्या सगळ्यांच्या लक्षात आलं होतं, कोणी बोलत मात्र नव्हतं. आबांनी आधी मामंजींकडे पाहिलं, मग खिशातून निळं पत्र काढलं, चित्राशी ताडून पाहिलं आणि मान डोलावली. घड्या पडून पत्र फाटायला आलं होतं.

पण खांद्यावर गोणी नव्हती. हातात फक्त शेंगांची पिशवी. सहा वर्षांत आबा कांद्याशिवाय आले नव्हते. मामंजींची नजर आधी तिकडेच गेली, ते लपवता आलं नाही त्यांना.

"पाहुणे, यंदा कांदे कमी का?"

आबा गोंधळले. त्यांनी पत्र उलगडून मामंजींसमोर धरलं आणि वरच्या चित्रावर बोट ठेवलं. "तुम्हीच लिखं ना गुरुजी. कांदा आनू नका म्हनीसन."

मामंजींनी चष्मा वर केला आणि आपलाच दात निरखून पाहिला. मधे गोल, वर जरा निमुळता, खाली मुळांचे केस. त्यावर लाल फुली. मीही वाकून पाहिलं. नामपूरच्या बाजारात उभं आयुष्य काढलेल्या कोणालाही तो कांदाच दिसला असता.

अक्षर सोडून चित्र वाचल्याचं आबा आपल्या तोंडाने बोलून गेले, ते आम्हा तिघांनाही एकदमच कळलं. आबांचं बोट पत्रावर तसंच राहिलं. मला वाटलं, आता ते चष्म्यासाठी खिसे चाचपणार.

मामंजींनी पत्र त्यांच्या हातातून घेतलं, नीट घडी केली आणि परत आबांच्या खिशात ठेवलं.

"बरोबर वाचलंत तुम्ही, पाहुणे," ते म्हणाले. "माझंच अक्षर वाईट."